जुनी गाडी उभी करायची, पण सुरुवात कुठून?

जुनी गाडी ताब्यात आली की हात शिवशिवायला लागतात. पहिल्या आठवड्यातच सीटा बाहेर, बंपर उतरवलेले, बोनेट भिंतीला टेकवलेलं आणि इंजिनाचे अर्धे पाइप मोकळे. पुढे काम थांबतं, कारण कुठलातरी भाग मिळत नाही किंवा कार्पेटखाली भोक निघतं. वर्षभरानं कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. अर्धवट सोडलेल्या गाड्या विकायला येतात तेव्हा त्या बहुधा अशाच असतात: बॉडी एका जागी, इंजिन दुसरीकडे आणि सोबत नाव नसलेली खोकी. यातल्या बऱ्याच गाड्या मुळात चांगल्या होत्या, फक्त त्या फार लवकर खोलल्या गेल्या.

म्हणून माझं ठाम मत आहे की खोलण्याआधी गाडी पूर्ण तपासावी, जमलं तर आहे त्याच अवस्थेत थांबती आणि चालती करावी, आणि मगच किती खोलायचं ते ठरवावं. तपासण्याचा क्रमही ठरलेला असावा. जे पैसे देऊनही मिळत नाही ते सगळ्यात आधी बघायचं. ज्याला सगळ्यात जास्त तास लागतात, म्हणजे पत्रा, तो त्यानंतर. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ही मंडळी नंतर, कारण त्यांची दुरुस्ती ठरलेल्या मापांची असते आणि सुटे भाग बहुतेक वेळा मिळतात. इंजिन इतकं मागे ढकललेलं अनेकांना रुचत नाही. पण बिघडलेलं इंजिन बाहेर काढून मशीनशॉपमध्ये देता येतं. कुजलेली बॉडी कुणाला देणार? तीच तर गाडी आहे.

कागद आणि नंबर

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बाकी सगळं त्यावर उभं आहे. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांवरच्या नंबरांशी एकेक आकडा लावून बघा. नंबर चॅसिसवर ठोकलेला असेल तर त्यावरचा मळ मऊ ब्रश आणि रॉकेलनं काढा. ग्राइंडर, खरवडणी किंवा सँडब्लास्टिंग तिथे चालवायचं नाही, कारण पुसट झालेला नंबर पुढे तुमच्यासाठीच डोकेदुखी होतो. रिव्हेट केलेली ओळखपट्टी काढू नका. रंगाच्या वेळी ती झाकून घेता येते. नंबर जुळत नसतील तर तो प्रश्न सुटेपर्यंत एकही बोल्ट सैल करू नये.

काय आहे त्यापेक्षा काय नाही

आता वही घेऊन गाडीभोवती फिरा आणि जे नाही किंवा तुटलंय त्याची यादी करा. पिस्टन, बेअरिंग, वॉटर पंप, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर हे भाग एकच कंपनी अनेक मॉडेलांना वापरते, त्यामुळे ते सापडतात. नडतात त्या किरकोळ दिसणाऱ्या वस्तू: टेललॅम्पची काच, पुढच्या जाळीची क्रोम पट्टी, दाराचं आतलं हँडल, मीटरच्या पुढची गोल काच, खिडकीच्या कडेची स्टीलची पट्टी, विंडस्क्रीन, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक. काही मॉडेलांत एका वर्षापुरताच वेगळा दिवा किंवा वेगळा बंपर आलेला असतो. तो भाग नसेल तर त्याचा शोध आजपासून सुरू करायचा, पत्राकाम संपल्यावर नाही.

गाडी अजून घ्यायची असेल तर इंजिन जाम पण सगळे दिवे, काचा, क्रोम आणि आतलं सामान जागेवर, अशी गाडी निवडा. इंजिन छान पण अंगावर निम्मं सामान नाही, ती सोडून द्या. सीटचं फाटलेलं कव्हर, कुजलेलं कार्पेट, छताचं लोंबणारं कापडही टाकायचं नाही. नवीन कापायला नमुना लागतो, आणि शिलाई कुठून कुठे जाते हे जुन्या कापडावरच दिसतं.

गंज: इथे वेळ द्या

मोनोकॉक गाडीत वेगळं चॅसिस नसतं. फ्लोअर, सिल, चाकावरचे आतले पत्रे, छताचे खांब हे सगळं मिळून वजन पेलतं. म्हणून त्या गाडीत गंज म्हणजे निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. शिडीसारखं वेगळं चॅसिस असलेल्या गाडीत बॉडी कुजली तरी खालचा सांगाडा शाबूत असू शकतो. पण तिथेही स्प्रिंग जिथे अडकते ते ब्रॅकेट, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि बॉडी जिथे चॅसिसवर बसते ते रबर माउंट तपासावेच लागतात.

सगळ्यात जास्त बोलतं ते सिल, म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी बंद पेटी. ती दोन-तीन पत्रे जोडून केलेली असते आणि खाली पाणी निघायला बारीक भोकं असतात. भोकं मातीनं बुजली की पाणी आत राहतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. त्यामुळे बाहेर रंगाला नाण्याएवढा फुगवटा दिसला तर आतला पत्रा हातभर गेलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सिल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो. आवाज बद्द झाला की तिथे पुट्टी आहे, गंजाचा चुरा साठलाय किंवा पत्र्यावर पत्रा चढवलाय. मग खाली झोपून, सिलच्या खालच्या जोडावर आणि जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक हाताच्या जोरानं दाबा. शाबूत पत्रा टोकाला दाद देत नाही. टोक आत गेलं तर तिथे खडूनं खूण करा आणि पुढे सरका.

सिलनंतर बघायच्या जागा: विंडस्क्रीनचे खालचे दोन्ही कोपरे आणि त्याखालची हवेची पेटी, जिथे पालापाचोळा साठून पाणी तुंबतं. बॅटरीची बैठक, कारण ॲसिड सांडतं. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा. मागच्या स्प्रिंगचे ब्रॅकेट. डिकीतला स्टेपनीचा खड्डा. दारांच्या खालच्या कडा. आणि कार्पेटखालचा फ्लोअर, ज्यावरची डांबरी चादर उचलल्याशिवाय काही कळत नाही. कार्पेट ओलं लागलं तर पाणी वरून येतंय, बहुधा विंडस्क्रीनच्या रबरातून किंवा हवेच्या पेटीतून. ते बंद न करता फ्लोअर बदललात तर नवा फ्लोअरही जाणार.

गाडीच्या पोटाला नुकताच काळा डांबरी लेप दिलेला असेल तर तो चार-पाच ठिकाणी खरवडून बघाच. नव्या लेपाखाली जुनं पाप झाकलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

पुट्टी शोधायला पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक पुरतं. लोखंडी पत्र्यावर ते चिकटतं, जाड पुट्टीवर सुटतं. ॲल्युमिनियम किंवा फायबरच्या भागावर ते चिकटणारच नाही, हे ध्यानात ठेवा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन भरतो. 250-300 म्हणजे पुन्हा रंगवलंय. 1000 च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे.

दारांच्या फटी वाचायला शिका. दार बंद करून मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर दोन शक्यता आहेत. दार उघडून त्याची मागची कड हातानं वर उचला. खडखड हलली तर बिजागरीची पिन झिजली आहे, ते सोपं काम. बिजागरी घट्ट असूनही फट वाकडी असेल तर बॉडी मधोमध खचली आहे. खात्री करायला पुढच्या जॅक पॉइंटखाली जॅक लावून चाक जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचला आणि दार पुन्हा उघडून बघा. आधी सहज उघडणारं दार आता अडकत असेल तर सिलमध्ये जोर राहिलेला नाही. उघड्या छताच्या गाड्यांत ही चाचणी चुकवायचीच नाही, कारण तिथे छताचा आधार नसल्यानं सगळा भार सिलवर असतो.

या सगळ्याचा नकाशा करा. एका कागदावर गाडी वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी काढा आणि प्रत्येक खूण त्यावर उतरवा. अंदाज बांधताना दिसणाऱ्या भोकाच्या निदान तिप्पट पत्रा कापावा लागेल असं धरा, कारण पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे सरकावंच लागतं. गंजक्या पत्र्यावर ठिगळ चढवलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि ठिगळाच्या कडेनं पत्रा आणखी वेगानं जातो.

हा नकाशा पूर्ण झाला की खरा निर्णय समोर येतो. एक सिल, फ्लोअरचा एक कोपरा आणि दारांच्या कडा, एवढंच असेल तर गाडी पूर्ण खोलायची गरज नाही. दोन्ही सिल, सस्पेन्शनच्या जागा आणि विंडस्क्रीनखालचा भाग असं सगळं एकदम गेलं असेल तर हे बॉडी मोकळी करून करायचं काम आहे. ते तुम्ही करणार, दुसऱ्याला देणार, की गाडी सोडणार, हे आजच ठरवा. त्याच मॉडेलची चांगल्या बॉडीची दुसरी गाडी घेऊन हिला सुट्या भागांसाठी ठेवणं, हा अनेकदा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग असतो.

इंजिन: आधी हातानं, मग स्टार्टरनं

इंजिन गाडीत असतानाच तपासा. रेडिएटर, स्टार्टर, वायरिंग सगळं जागेवर आहे तोवर हे सोपं असतं. इंजिन बाहेर काढल्यावर ते चालतं का हे बघायचं म्हणजे वेगळा स्टँड उभा करा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये गंजानं पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर स्टार्टरच्या झटक्यानं रिंग मोडते किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात. गाडी गिअरमध्ये टाकून ओढून नेणं तर त्याहून वाईट. आधी डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. मग सगळे प्लग काढा, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा, आणि प्रत्येक भोकातून 10 ते 15 मिलिलिटर गंज सोडवणारं पातळ ऑइल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळूनही चालतं, पण ते मिश्रण जवळ ज्योत असताना हाताळू नका. किमान दोन-तीन दिवस थांबा.

तेवढ्या वेळात रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून व्हॉल्व्ह बघा. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून उघडाच राहिला असेल तर इंजिन फिरवल्यावर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची दांडी, वाकेल किंवा पिस्टन व्हॉल्व्हला लागेल. टायमिंगला रबरी पट्टा असलेल्या इंजिनात तो पट्टा आधी बदला. दिसायला चांगला असला तरी वयानं तो भरवशाचा राहत नाही, आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन हातानं फिरवा. हललं नाही तर जोर वाढवू नका. किंचित पुढे, किंचित मागे असं करत राहा, पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा थांबा. दोन पूर्ण फेऱ्या अडथळ्याशिवाय झाल्या की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग बाहेरच ठेवून आता स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा वर येईपर्यंत. कॉम्प्रेशन नसल्यानं बेअरिंगवर भार कमी असतो आणि कोरड्या इंजिनाला ऑइल पोचतं.

याच वेळी पहिली कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजा. सगळे प्लग बाहेर, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब मिळेपर्यंत स्टार्टर. जुन्या पेट्रोल इंजिनात 120 ते 170 पीएसआयच्या आसपास आकडे येतात. कमी कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात त्याहून कमीही चालतात. एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत 10 ते 15 टक्क्यांपेक्षा अधिक अंतर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधला हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलेला असतो. पण गार आणि बराच काळ उभ्या इंजिनाचे आकडे, त्यातही गंज सोडवणारं ऑइल टाकलेल्या इंजिनाचे, अंतिम मानू नका. इंजिन चालून गरम झालं की तेच पुन्हा मोजायचं आणि निर्णय त्या आकड्यांवर घ्यायचा. चिकटलेल्या रिंगा चालता चालता सुटतात आणि आकडे सुधारतात.

पेट्रोलच्या टाकीवर विश्वास नको. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरची जेट बुजवतो. टाकीतली घाण एकदा पुढे आली की पंप, फिल्टर आणि कार्बोरेटर तिन्ही पुन्हा खोलावे लागतात. चाचणीपुरता टाकीचा पाइप सोडून पंपाला लहान कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. कॅन एक्झॉस्टपासून लांब आणि पक्का ठेवा. कार्बोरेटरचा फ्लोट अडकून पेट्रोल वाहण्याची शक्यता असते, म्हणून एक माणूस फक्त तेवढंच बघायला उभा करा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप या निमित्तानं बदलूनच टाका. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुनं रबर मऊ पडतं आणि तडकतं, तेव्हा इथेनॉल चालणारा पाइप घ्या.

इंजिन सुरू झाल्यावर सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा धूर थोडा वेळ येणारच. पूर्ण गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेड बघा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. गरम इंजिनात दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय ऑइल प्रेशर, असा ढोबळ हिशेब मेकॅनिक लावतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

एवढं केल्यावर तुम्हाला कळतं की इंजिन खोलायचं आहे की नुसतं धुऊन, गॅस्केट बदलून परत बसवायचं आहे. चांगल्या इंजिनाला उगाच खोलू नये.

ब्रेक मात्र पूर्ण

गाडी दहा फूट हलवायची असली तरी ब्रेक लागायला हवेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. इथे तपासून ठरवण्यासारखं फार नाही. लवचिक रबरी होज सगळे बदला, सील किंवा सिलिंडर बदला, ऑइल नवं भरा. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, पण सोडल्यावर मागे येत नाही, आणि चाक जाम राहतं. लोक मग ड्रम खोलून बसतात आणि दोष होजमध्ये असतो.

पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, बाहेर गळती मात्र कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत गळतंय. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहे. स्टीलचे पाइप मळ काढून बघा. खड्डे पडले असतील तर बदला. तांबे-निकेलच्या मिश्रणाचा पाइप वाकवायला सोपा आणि गंजत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत 4.75 मिमीचा पाइप असतो. टोकाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेली कड, मूळ होता त्याच प्रकारचा करा, दुहेरी फ्लेअरच्या जागी बबल फ्लेअर बसवला तर गळणारच. ब्रेक ऑइलच्या प्रकारांत डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ग्लायकॉलचे असतात. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.

टायरवरचा तारखेचा आकडा बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असो, असे टायर गाडी गॅरेजमध्ये ढकलण्यापुरतेच.

बॅटरी लावण्याआधी एक बल्ब

खरं तर हे इंजिनाच्या स्टार्टरआधी करायचं. जुन्या गाडीत वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि कित्येक जुन्या गाड्यांत दोन-चारच फ्यूज असतात. बॅटरी थेट जोडली आणि कुठे शॉर्ट असला तर अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळतो.

आधी गाडीचं अर्थ, म्हणजे बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक, पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते बघा. जुन्या काही गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश, पॉझिटिव्ह अर्थ असतं. मग सगळे स्विच बंद करून, दारं लावून, बॅटरीचं अर्थकडचं टोक आणि अर्थची केबल यांच्यामध्ये 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब जोडा. बल्ब पेटला नाही तर ठीक. दार उघडल्यावर आतला लहान दिवा लागला आणि बल्ब जेमतेम लाल झाला तरी ठीक. बल्ब पूर्ण उजेडानं पेटला म्हणजे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, पण बल्ब मध्ये असल्यामुळे वायर जळत नाही. आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या सर्किटमध्ये शोधा. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटताच असेल तर फ्यूज नसलेल्या वायरी, म्हणजे इग्निशन स्विच, स्टार्टर आणि अल्टरनेटर, एकेक सोडून बघा. अल्टरनेटर सोडल्यावर विझला तर त्याचा डायोड गेलाय. हीच जोडणी ठेवून एकेक स्विच चालू करत गेलात तर शॉर्ट असलेलं सर्किट लगेच ओळखू येतं. स्टार्टर मात्र या बल्बमधून फिरणार नाही, तेव्हा बल्ब काढूनच पुढे जा. आणि इंजिन ते बॉडी ही अर्थची जाड पट्टी स्वच्छ करा. ती खराब असेल तर स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबल किंवा चोक केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जळते.

मग खोलायचं कसं

एका वेळी एकच यंत्रणा. मागचे ब्रेक खोललेत तर ते पूर्ण करून बसवा, मग पुढे जा. बॉडी पूर्ण मोकळी करायचीच असेल तर प्रत्येक जोड सुटण्याआधी दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून. बोल्ट काढल्यावर शक्य तिथे त्याच भोकात हातानं परत लावून ठेवा. बाकीचे पिशवीत, आणि पिशवीवर नुसतं ‘बोल्ट’ न लिहिता ‘पुढचा डावा मडगार्ड, वरची ओळ, 5 बोल्ट 5 वॉशर’ असं लिहा. आटे कुठल्या मापाचे आहेत ते आधी तपासा. इंची बोल्टला मेट्रिक पाना लावला तर कोपरे झिजतात, इंची आट्यात मेट्रिक बोल्ट घुसवला तर आटे जातात. गंजका भागही नवा हातात येऊन जागेवर बसेपर्यंत फेकू नका. नव्यानं बनवलेले भाग अनेकदा मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकतात आणि जुळवायला मूळ तुकडा लागतो.

जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. भक्कम स्टँड, सपाट कडक जमीन, आणि शिरण्याआधी गाडीला हातानं जोरात हलवून बघणं.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून खोलीबाहेर, बॅटरी आणि अल्टरनेटर सोडलेले, जवळची सीट आणि कापड बाहेर. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत 25 मिमीच्या चौकोनी पाइपचे आधार वेल्ड करा, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, आणि एकच बाजू कापा. गाडीचं वजन सस्पेन्शनच्या जागांवर असू द्या, अधांतरी टोकांवर नको. नवा पत्रा वेल्डच्या बारीक टाक्यांनी धरल्यावर दार लावून फटी बघा, कर्ण पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्ड. 1 मिमीच्या आसपासच्या पत्र्याला मिग वेल्डिंगची 0.6 मिमीची वायर बरी पडते. टाके लांब लांब, उड्या मारत टाका. सलग वेल्ड ओढला तर पत्रा तापून लाटांसारखा वाकतो.

रंगाआधी सगळं एकदा कोरडं जुळवून बघायचं: दारं, बोनेट, डिकी, बंपर, दिवे, काचेचं रबर आणि प्रत्यक्ष काचसुद्धा. रंग झाल्यावर भोक सरकवावं लागलं तर तो रंग गेला. आणि मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर सगळी गाडी रंगवायचा मोह आवरा. पॉलिशनं उजळणारा कारखान्याचा रंग नव्या रंगापेक्षा मोलाचा आहे, तो एकदा खरवडला की परत आणता येत नाही. जुना रंग कोरडा घासूही नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी वापरून घासा.

रंगानंतर आधी वायरिंग, मग छताचं कापड, त्यानंतर काचा, आणि कार्पेट, सीटा शेवटी. छताच्या कापडाची कड बऱ्याच गाड्यांत काचेच्या रबराखाली दाबली जाते, म्हणून काच आधी बसवली तर ती पुन्हा काढावी लागते.

वेळापत्रकात दोन गोष्टी सगळ्यांच्या आधी ठेवा. क्रोमचे भाग पहिल्या महिन्यातच प्लेटिंगला द्या, कारण त्या कामाला सगळ्यात जास्त वाट बघावी लागते. आणि इंजिन खोलायचं ठरलंच असेल तर ब्लॉक, क्रँक आणि हेड लवकर मोजून घ्या, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन आणि बेअरिंग शोधायला वेळ मिळतो. पण इंजिनाची जुळणी मात्र बॉडी रंगून तयार होत आली की करा. नवं बांधलेलं इंजिन दोन-तीन वर्षं कोपऱ्यात पडलं तर सिलिंडरला पुन्हा गंज धरतो, सील सुकतात आणि जुळणीचं ऑइल बेअरिंगवरून ओघळून जातं. तोवर मशीन केलेल्या पृष्ठभागांना ऑइल चोपडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा.